सासऱ्याला जुलाब देणारी सून

मंठ्याच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते, त्यामुळे गावात माझी ओळख ‘सायन्सच्या मॅडम’ अशी होती. मागच्या उन्हाळ्यात ती बदलली आणि मी ‘सासऱ्याला जुलाब देणारी सून’ झाले. ही पदवी मला आत्याबाईंनी बहाल केली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. राहतात केदारखेड्याला, पण त्यांचा शब्द एसटीच्या आधी मंठ्यात पोचतो. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो. कारण त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि मी तसं का करते हे सांगायला घरातूनच बंदी होती.

सासऱ्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. ते विजेच्या खात्यात लाइनमन होते. नोकरी खांबावरची, पण मान मिळाला तो वेगळ्याच कामाला. आमच्या बौद्ध समाजात लग्न लावायला, बाळाचं नाव ठेवायला, कुणी गेलं तर पुण्यानुमोदनाला जो माणूस पुढे उभा राहून वंदना म्हणतो, तो मंठ्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत म्हणजे आण्णा. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. आधी ते ओळ म्हणणार, मग सगळा मांडव त्यांच्यामागे. मग पाच शीलं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि पाचवं, दारू किंवा कसलीही नशा करणार नाही. पाचव्याला आण्णांचा आवाज चढायचा आणि नजर मांडवाच्या शेवटच्या रांगेकडे जायची. त्या रांगेत कोण बसतं आणि का बसतं हे सगळ्यांना ठाऊक. तिथली मंडळी नेमकी त्याच वेळी खाली वाकून चपला शोधायला लागायची.

अशा माणसाचं लिव्हर खराब निघालं.

पण ते कळायच्या आधी आम्हाला वाटलं की आण्णांचं डोकं फिरलं. मी शाळेचा डबा भरत होते, तेवढ्यात सासूबाई धावत आत आल्या. आण्णा दारासमोरच्या विजेच्या खांबाला मिठी मारून उभे होते. बनियन आणि पायजमा, पायात चप्पल नाही, एक पाय खांबाच्या आडव्या पट्टीवर. शेजाऱ्याला सांगत होते, “सप्लाय बंद कर म्हणावं. मी वर जाऊन राह्यलो.” नोकरी सुटून कितीतरी वर्षं झालेली, पाय सुजलेले, आणि वरच्या तारेत वीज चालू. माझ्या नवऱ्यानं त्यांना कमरेला धरून खाली ओढलं तर त्याच्याकडे अनोळखी माणसासारखं बघितलं आणि आपल्या जुन्या हेल्परचं नाव घेऊन त्याला दटावलं. पोटच्या पोराला बाप ओळखत नाही हे बघताना माझ्या नवऱ्याचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरणार नाही.

गल्लीनं लगेच निदान केलं. कुणी म्हणालं बाहेरचं लागलं, कुणी म्हणालं वयानं होतं. आम्ही जालन्याला नेलं. डोक्याचा फोटो काढला, तो साफ आला. मग तिथले डॉक्टर आण्णांचं पोट दाबत म्हणाले, यांना शेवटची संडास कधी झाली होती? माझा नवरा तापलेलाच होता. म्हणाला, “सर, आम्ही डोक्याचं विचारून राह्यलो, तुम्ही पोटाचं काय घेऊन बसले?” डॉक्टर शांतपणे म्हणाले की यांच्या डोक्याचा रोग पोटातच आहे.

ते पुढे जे बोलले ते मी कान टवकारून ऐकलं, कारण मुलांना मी मेंदूभोवतीची आवरणं, त्याची कवटी, सगळं शिकवत होते, पण हे कधी शिकवलं नव्हतं. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. आपण खातो त्यावर ते जगतात आणि त्यातून अमोनिया तयार करतात. चांगलं लिव्हर तो रक्तातून काढून टाकतं. आण्णांचं लिव्हर साखरेच्या आजारानं आणि वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीनं आकसलं होतं, ते काम त्याला झेपत नव्हतं. आता मेंदूला स्वतःचा बंदोबस्त असतो. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली सगळी घाण आत शिरू शकत नाही. पण अमोनिया त्या भिंतीतून आत जातो. शिवाय आतड्यातले जिवाणू बिघडले की ती भिंतच सैल पडते असं दिसतंय, चांगले जिवाणू असले तर घट्ट राहते. उंदरांमध्ये हे बघितलंय, माणसात किती ते अजून शोधताहेत, असं ते म्हणाले. पोट तुंबलं की जिवाणूंना अमोनिया करायला वेळच वेळ मिळतो. म्हणून पोट तुंबू द्यायचं नाही.

तोवर एनिमा होऊन आण्णा बरेच शुद्धीवर आले होते. खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, “म्हंजे इन्सुलेशन गेलं.”

डॉक्टर म्हणाले, बराबर.

औषध होतं पाकासारखं दाट, गोडमिट्ट. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं, नाही झालं तर डोस वाढवायचा. डॉक्टरांनी मला एक खूण शिकवली. आण्णांना दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगायचं, तळवे उभे, जसा ट्रॅफिकचा पोलीस गाडी थांबवतो. मनगटं खाली पडून फडफडली तर समजायचं, मेंदूपर्यंत पोचलं.

घरी येताना गाडीत आण्णांनी एकच हुकूम काढला. “लिव्हरचं नाव घराभाईर जायचं न्हाई.”

मी वाद घातला. दारूशिवाय लिव्हर खराब होतं, लाखो लोकांचं होतं, त्यात लाज कसली? आण्णा म्हणाले, “तुझं सायन्स शेवटच्या रांगेला जाऊन सांग.” लिव्हर म्हटलं की गावाला एकच कारण सुचतं, आणि ज्यानं उभी हयात पाचवं शील दिलं त्याला ते कारण चिकटलं तर आयुष्याची कमाई गेली. येडा म्हणाले तरी चालेल, पेताड म्हणायला नको, असा त्यांचा हिशोब. मग चौथ्या शीलाचं काय, असं मी विचारलं. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं न्हाई, म्हणाले. नवऱ्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

तेव्हापासून आमची सकाळ बदलली. आण्णा पहाटेची अंघोळ करून बैठकीत वंदना म्हणत, आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापत कान तिकडे लावून असे. सगळ्या घरादारात हे मला एकटीलाच ठाऊक होतं की मी भक्तीनं नाही, संशयानं ऐकते. एखादी ओळ गळाली, एखादा शब्द दोनदा आला की माझा हात पिठात थांबायचा. मग चहा घेऊन गेले की म्हणायचे, आण्णा, हात. ते वैतागून हात धरायचे. हात स्थिर असले की मला दिवस मिळायचा. अशानं सगळी वंदना, सगळ्या मंगलगाथा माझ्या पाठ झाल्या.

त्यातच धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा टेंभुर्णीचा. लग्न आमच्याकडे, मंठ्यातल्या मंगल कार्यालयात, आणि लावणार आण्णा. इतक्या जोडप्यांचं लावलं, स्वतःच्या लेकीचं दुसऱ्यानं लावायचं का? नणंदेलाही तेच हवं होतं. ती मला एकदा हळूच म्हणाली, वहिनी, माझ्या लग्नात आण्णांनी मला ओळखलं पाहिजे, बाकी काही नको.

लग्नाच्या आधी आत्याबाई आल्या आणि बैठकीतच मुक्काम ठोकला. पहिल्याच दिवशी त्यांनी मोजणी सुरू केली. भाऊ किती वेळा मागच्या दारी जातो, काय खातो, आणि ती बाटली कसली. कुणीतरी सांगितलं, पोट साफ व्हायची. झालं. “एवढा वाळला, गाल बसले, आन् ही त्याला जुलाब देती. मास्तरीण हाय म्हणून काय बी चालतं का?” मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई पदर तोंडाला लावून तांदूळ निवडत बसल्या. मला खरं सांगायचं होतं, जीभ शिवशिवत होती, पण हुकूम म्हणजे हुकूम. मी भांडी जरा जोरात आपटली, तेवढंच.

घर पाहुण्यांनी भरलं. अंघोळीला रांग, स्पीकरवर गाणी, बैठकीत गाद्याच गाद्या. सकाळची वंदना त्या गलक्यात ऐकूच येईना, हात बघायचं राहून जायचं, औषधाचा पेला आण्णांच्या हाती देऊन मी पुढच्या कामाला पळायचे. मोरीत मुंग्या झाल्या. लाल, बारीक, भिंतीवरून खाली रांग. मला वाटलं बुंदीच्या पातेल्यामुळे असतील. सासूबाईंनी हळद टाकली, तरी त्या परत आल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी स्वतः हळद घेऊन मोरीत गेले. मुंग्या बुंदीच्या बाजूनं येतच नव्हत्या. त्या मोरीच्या तोंडाशी, पाणी जातं तिथे गोळा झाल्या होत्या. मी बोट लावलं. चिकट. वास घेतला, औषधाचाच. आण्णा औषध पीत नव्हते, मोरीत ओतत होते.

ते आरशासमोर पांढऱ्या सदऱ्याची बटणं लावत होते. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं. मी विचारलं तर लपवलं नाही. “लग्नापुरतंच सोडलं बाई. मांडवात वंदना अर्धी टाकून मी संडासला पळू का? लेकीच्या लग्नात?”

त्यांची अडचण खरी होती. जो माणूस पुढे उभा राहून वंदना म्हणतो तो मध्येच उठत नाही. कुणी चक्कर येऊन पडलं, स्पीकर जळाला, तरी तो ओळ संपवतो. आण्णांनी स्वतः तो रिवाज पाळला होता. मी म्हटलं, हात. त्यांनी हात धरले. दोन्ही मनगटं खाली पडली, झटक्यानं वर आली, पुन्हा पडली.

मी जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले आत्ता डोस द्या, पोट साफ होईपर्यंत थोड्या थोड्या वेळानं देत राहा, आणि माणसं ओळखेनासे झाले तर एक मिनिट थांबू नका, घेऊन या. पहिला डोस आण्णांनी माझं तोंड बघून गुपचूप घेतला. दुसरा घेऊन गेले तर दारात आत्याबाई. त्यांनी माझं मनगट धरलं. “लग्नाच्या दिशी? माणूस हाय का जनावर?” चार बायका जमल्या. आण्णा मला म्हणाले, राहू दे बाई. नवऱ्यानं त्यांना दुसऱ्या कुणालातरी पुढे करू म्हणून हातापाया पडून सांगितलं. ते फक्त म्हणाले, “माझी लेक हाय.” तेवढ्यात टेंभुर्णीची गाडी आली आणि सगळं घर उठून वऱ्हाडाकडे धावलं.

कार्यालयात मी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले. समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, फुलं, पांढऱ्या साडीतली नणंद. आण्णांनी माइक धरला. शरण जाण्याच्या ओळी स्वच्छ आल्या. मी श्वास सोडला. पहिलं शील. मांडव त्यांच्यामागे. दुसरं. तिसरं. आवाज थोडा जड होता, झोपेतून उठल्यासारखा, पण शब्द बरोबर होते. चौथं झालं आणि आण्णा थांबले.

लोकांना वाटलं, पाचव्याच्या आधी नेहमीसारखे शेवटच्या रांगेकडे बघताहेत. शेवटची रांग चपलांकडे वाकलीसुद्धा. पण आण्णा कुठेच बघत नव्हते. मग त्यांनी तिसरं शील पुन्हा म्हटलं. इतक्या वर्षांची सवय, अर्ध्या मांडवानं तेही त्यांच्यामागे म्हटलं. मग चौथं. मग थांबले. मग परत तिसरं. आता फक्त म्हाताऱ्या बायका म्हणाल्या. माइक धरलेला हात फडफडायला लागला आणि स्पीकरमधून खडखड येऊ लागली. नणंद बापाकडे बघत होती. ओठांतल्या ओठांत पाचवं शील म्हणत होती.

मागून कुणीतरी हसून म्हणालं, “पाचवं येत न्हाई, का जमत न्हाई?”

हे सगळ्यांनी ऐकलं. आण्णांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ज्या एका गोष्टीला ते एवढं भ्यायले, तीच भर मांडवात झाली होती. मला संताप आला. मी उभी राहिले आणि जागेवरूनच पाचवं शील म्हटलं. माइकची गरज नव्हती, वर्गात ओरडून घसा तयार झालेला. मग सगळा मांडव माझ्यामागे म्हणाला, शेवटच्या रांगेसकट.

मी स्टेजवर गेले. नवरा त्यांना खाली न्यायला बघत होता, पण आण्णांनी टेबलाची कड धरली होती, सोडेनात. मी विचारलं, आण्णा, ही कोण? त्यांनी नणंदेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, “लेक माझी.” मग मी नवऱ्याला म्हटलं, गाडी दारात लाव, आणि माइक घेतला. वधूवरांच्या प्रतिज्ञा, हार, मंगलगाथा, सगळं मी म्हटलं. इतक्या रागात कुणी मंगल म्हटलं नसेल. एरवी भाकरी थापता थापता संपणाऱ्या त्या गाथा त्या दिवशी संपता संपेनात. आण्णा शेजारी उभे, एक हात टेबलावर, ओठ हलताहेत, शब्द भलतेच. फुलं पडली आणि आम्ही त्यांना उचलून गाडीत घातलं. जालना यायच्या आत ते नवऱ्याला ओळखेनासे झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेशेजारी बसले होते. पलीकडे आत्याबाई. त्या वरात सोडून आमच्या मागोमाग आल्या होत्या आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. रात्रीतून औषध लागू पडलं, वॉर्ड साफ करणाऱ्या बाईला तीनदा बोलवावं लागलं होतं, त्यांनी तेही बघितलं होतं. आण्णांनी डोळे उघडले. आधी बहिणीला, मग मला नावानिशी हाक मारली. मला रडू आलं, मी खिडकीकडे तोंड केलं.

मग त्यांनी विचारलं, लग्न लागलं का? मी हो म्हटलं. लेक टेंभुर्णीला पोचली, सकाळी फोन येऊन गेला. 

“पाचवं कोण म्हटलं?”

“मी.”

“बराबर म्हटलीस का?”

“बराबर.”

“म्हण.”

भरल्या वॉर्डात मी पाचवं शील म्हटलं. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बघायला लागले. आण्णा डोळे मिटून ऐकत होते, कपाळाला आठी, कुठे चुकते का बघत. रोज सकाळी मी ऐकायचे तसंच. चूक नव्हती. त्यांनी मान हलवली आणि बहिणीकडे वळले.

“आक्का, मला लिव्हर हाय. उभ्या जन्मात थेंब घेतला न्हाई, तरी हाय. हिला मीच बोलू देलं न्हाई.”

आत्याबाईंनी पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले. औषधाची वेळ झाली होती, मी बाटली काढली. त्यांनी हात पुढे करून ती माझ्याकडून घेतली, झाकण फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “किती द्यायचं?”